एकसारख्या दोन ओळी

"जुळे असतील, मादाम," शेजारच्या टेबलावरचा विसेम कॉफीचा घोट घेत म्हणाला. "एकाच आईच्या पोटचे दोन सर्व्हर!"

नाजेत हसली नाही. तिचं बोट पडद्यावर टेकलेलंच होतं. यादीतली आठवी ओळ बंदरावरच्या दवाखान्याची, नववी कर्केना बेटावरच्या दवाखान्याची. बॅकअप संपल्याची वेळ दोन्हीकडे तीच, सेकंदासकट. डिस्कवर उरलेली जागाही शेवटच्या आकड्यापर्यंत तीच.

"दोन माणसांचं वजन सारखं भरेल एखादवेळी," ती म्हणाली. "पण ग्रॅमपर्यंत? आणि काल पण?"

कालची यादी तिने उघडली. कालही तसंच. परवाही.

सफाक्स शहराच्या आरोग्य विभागात तिला बावीस वर्षं झाली होती. पूर्वी ती रोज सकाळी एकोणतीस दवाखान्यांच्या सर्व्हरमध्ये एकेक करून डोकवायची. अकरा वर्षांपूर्वी तिने त्यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा संगणक प्रोग्राम, लिहिली. स्क्रिप्ट प्रत्येक सर्व्हरला विचारायची: बॅकअप कधी झाला, जागा किती उरली? आलेलं उत्तर क्षणभर हातात धरायची, यादीत लिहायची आणि पुढच्याकडे जायची. सात वाजता यादी तयार. नाजेत तीत चुकलेल्या बॅकअपची लाल ओळ शोधायची. हिरव्या ओळीही वाचाव्या लागतात, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आता तिने स्वतःचं जुनं काम ओळीओळीने वाचायला घेतलं. चूक सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पुढच्या सर्व्हरकडे जाण्याआधी मागचं उत्तर टाकून हात रिकामा करायचा, एवढंच ती लिहायला विसरली होती. सर्व्हर गप्प राहिला की स्क्रिप्ट शेजाऱ्याचंच उत्तर त्याच्या नावावर लिहून मोकळी होत होती.

ऑक्टोबरात बेटाची नेटवर्क जोडणी बदलली होती. तेव्हापासून एकशे सतरा दिवस नववी ओळ हिरवी होती, आणि एकशे सतरा दिवस बेटावरून सफाक्सला काहीच पोचलं नव्हतं.

तिने बेटावर फोन लावला. नोंदींचं काम पाहणाऱ्या नर्स हाजेरने उचलला.

"इथं सगळं झकास चाललंय. डायलिसिसच्या नोंदी रोजच्या रोज करतेय मी."

"त्या फक्त तुमच्याकडेच आहेत, हाजेर. आमच्याकडे प्रत नाही."

"म्हणजे आमची डिस्क बसली असती तर?"

"तर सगळं गेलं असतं. चूक माझी आहे."

"चूक कुणाची ते नंतर बघू. आत्ता उतरवून घेते सगळं. दुपारच्या बोटीने मी स्वतःच आणते. कुणाच्या हाती देणार नाही."

बाराच्या सुमाराला नाजेत संचालकांसमोर उभी होती. सी तौफीक, म्हणजे तौफीकसाहेब, यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"डिस्क येतेय ना? मग झालं. स्क्रिप्ट नीट करा. मागच्या याद्याही नीट करा."

"नीट म्हणजे?"

"दोन्ही ओळी एकसारख्या दिसणार नाहीत, असं करा. सोमवारी राजधानीतून तपासणी आहे. वर्षभर एकही बॅकअप चुकला नाही, असा अहवाल गेलाय. त्यावर सही तुमची आहे, मादाम नाजेत."

"म्हणूनच सांगते, तो अहवाल खोटा आहे. आणि बेट एकटं नाही. जुन्या याद्या तपासल्या मी. आणखी दहा दवाखान्यांच्या ओळी अधूनमधून शेजाऱ्याच्या निघाल्यात. अकराही जणांना कळवायला हवं."

"कशाला? कुणाचं काही बिघडलंय?"

"ते त्यांनी आपापल्या नोंदी बघून ठरवायचं. आपण इथे बसून नाही."

"तुमच्या निवृत्तीला तीन महिने राहिलेत." त्यांचा आवाज मऊ झाला. "चौकशी लागली तर बावीस वर्षांवर बोळा फिरेल. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"हा हट्ट आहे."

"असेल. मागच्या याद्यांना मी हात लावणार नाही. आणि दुसऱ्या कुणी लावला, तर कुठल्या आकड्याच्या जागी कुठला बसवला तेही मी तपासणीवाल्यांना दाखवीन."

जागेवर येऊन तिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. स्क्रिप्ट पुन्हा चालवली. अठ्ठावीस उत्तरं आली. नवव्या ओळीत पहिल्यांदाच काही नव्हतं.

विसेमने खुर्ची जवळ ओढली. "जोडणीवाल्यांवर ढकला ना, मादाम! ऑक्टोबरात गोंधळ त्यांनीच घातला. अर्धं खरंच आहे ते."

"उरलेलं अर्धं माझं आहे. ते मला दुसऱ्याला द्यायचं नाही."

"तुम्ही सफाक्सची चिक्कू माणसं ना, चुकासुद्धा वाटून घेत नाही!"

या वेळी मात्र ती हसली.

हाजेर साडेचारला आली, पदराआड दिवा धरावा तशी डिस्क पोटाशी धरून. नाजेतने तिच्यासमोरच प्रत उतरवली, उघडून पाहिली, आणि मगच डिस्क परत दिली. मग अकरा दवाखान्यांसाठी पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य होतं, 'माझ्या चुकीमुळे'. पत्र पाठवायला गेली, तर पासवर्ड चालेना.

सकाळी तिच्या टेबलावर संगणकही नव्हता. दुरुस्तीला नेलाय, असं शिपायाने खाली बघत सांगितलं. फोन काढून न्यायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ती बसली. अकरा नंबर वहीत होते. पहिल्या दवाखान्याने आभार मानले. दुसऱ्याला काही समजलंच नाही, त्याला तिने दोनदा सांगितलं. चौथ्याने आवाज चढवला. सहाव्या ठिकाणचे डॉक्टर तर भडकलेच.

"आणि हे आता सांगताय? तुम्ही कोण पण?"

"नाजेत एल्लूज. ती स्क्रिप्ट मी लिहिली. नाव लिहून घ्या, मी थांबते."

त्यांनी पेन शोधेपर्यंत ती थांबली. दारातून सी तौफीक तिच्याकडे बघत होते. तिने मान वर केली नाही, आवाजही खाली आणला नाही.

फोन ठेवला. टेबलावर संगणकाच्या जागी धुळीची चौकट उरली होती, मधला भाग स्वच्छ. वही तिने त्या स्वच्छ जागेवर सरकवली आणि सातवा नंबर फिरवला.