दारं बंद व्हायच्या आधी

नर्सेसचा संप बेकायदा ठरवणारं विधेयक मतदानाला आलं आणि घंटा वाजू लागली. घंटा थांबली की दारं बंद होतात. मग जो आत असेल त्याला कुठल्यातरी एका बाजूला बसावंच लागतं. 'हो'वाले सभापतींच्या उजवीकडे, आम्ही 'नाही'वाले डावीकडे.

सरकार पक्षाची मर्ल ट्रँटर मात्र दाराबाहेरच उभी होती. आमदार होण्याआधी तिने नर्स म्हणून उभा जन्म काढला होता. लॉन्सेस्टनहून बसने आलेल्या तिच्या जुन्या मैत्रिणी वर गॅलरीत तिच्याकडेच डोळे लावून बसल्या होत्या. मला तर तिचा संतापच आला. ती बाहेर राहिली की मतं समसमान, आणि मग सभापतींचं मत सरकारला. म्हणजे हिचे हात स्वच्छ आणि नर्सेसचा गळा आवळलेला!

तेवढ्यात त्यांचा प्रतोद गार्थ तिच्यावर धावून गेला. "अहो बाई, हा कसला तमाशा? पेपरवाले बघतायत. चला आत!"

"गार्थ, मला इथेच राहू दे. तुझ्याच भल्याचं सांगतेय."

"भलं-बिलं नंतर!" त्याने दंड धरून तिला आत ओढलं. घंटा थांबली. मागे दाराला कुलूप लागलं.

मर्लने दंड सोडवून घेतला, बाही नीट केली आणि सरळ आमच्या बाकांकडे, माझ्या शेजारी आली.

"सरक गं जरा," ती म्हणाली. "बाहेर राहते म्हटलं, तर राहूही देईना मेला."