पुतळाबाईच्या शेजारी

मी अंकुश सरांच्या चित्रकलेच्या वर्गातला प्लास्टरचा चेहरा. नाकाचा शेंडा उडालाय, डोळ्यांना बुबुळं नाहीत, तरी माझं थोडं ऐका. मनात बरंच साठलंय, आणि जे साठलंय ते काही चांगलं नाही. मत्सर आहे तो.

माझा जन्म पेणचा, गणपतीच्या एका कारखान्यातला. आजूबाजूच्या मूर्तींना लोक गुलाल उधळत घेऊन गेले. मला गोणपाटात गुंडाळून टेम्पोने तुर्भ्याला आणलं. म्हणजे जळायला मी जन्मापासूनच सुरुवात केली म्हणा ना!

वर्ग भरायचा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, दर रविवारी सकाळी. अंकुश सर आधी तासभर बोलायचे, मग सगळ्यांसमोर स्वतः काढून दाखवायचे. "डोळे बारीक करा," ते सांगायचे. "नाक, डोळे विसरा. उजेड कुठे आहे आणि सावली कुठे आहे, एवढंच बघा." आणि मग बोट माझ्याकडे. सहा महिने माझं चित्र काढल्याशिवाय कुणाच्या हाती रंग द्यायचे नाहीत. काय रुबाब होता माझा!

संघमित्रा तेव्हाच आली. महाप्याच्या एका कंपनीत रिसेप्शनवर काम करणारी, चाळिशी ओलांडलेली. आठवडाभर लोकांकडे बघून हसून दमलेली ही बाई रविवारी माझ्यासमोर बसली की हसायचीच नाही, फक्त बघायची. हात लांब करून, एक डोळा मिटून, कोळशाच्या कांडीने माझं कपाळ मोजायची. हनुवटीखालची सावली तिने अकरा वेळा पुसली आणि बाराव्यांदा तिला ती जमली. त्या दिवशी जाता जाता तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतकं लक्षपूर्वक मला कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ही माझीच.

सातव्या महिन्यात सर म्हणाले, "आता जिवंत माणूस." आणि नातीचा, भाविकाचा, हात धरून एक म्हातारी जिना चढून आली. लाल लुगडं, कानात जड सोनं, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. जवळच्याच गावातली, एके काळी मिठागरात राबलेली. आणि नाव काय? पुतळाबाई! खरा पुतळा मी, आणि नावसुद्धा तिनेच घेतलेलं.

मला उचलून कपाटावर ठेवलं गेलं.

त्या दिवशी सरांनी दोन तासांत तिचा चेहरा रंगवून दाखवला. कुणी चहालासुद्धा उठलं नाही. ती मात्र एक जागी बसेना. "मास्तर, कवरा येल बसवतंस? माजं पाय मुंगावलं!" सगळे हसले, संघमित्राही हसली. माझ्यासमोर सहा महिन्यांत एकदाही न हसलेली संघमित्रा! मी इतके महिने पापणी हलवली नाही, त्याचं कौतुक नाही. ही पाच मिनिटांत तीनदा नाक खाजवते, तरी सगळे तिच्याकडे. प्लास्टरच्या आतही काही तडकतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारपासून संघमित्रा तिचं तैलचित्र करू लागली. पुतळाबाईची नजर मोतीबिंदूने अधू झाली होती. कॅनव्हासकडे तोंड करून ती म्हणायची, "मना निस्ता धूर दिसतं. माजा आपरेशन झाला का पयलं मना माजा तोंड दाखीव."

"दाखवते आजी. तोवर पूर्ण करते," संघमित्राने शब्द दिला.

मी कपाटावरून मनात म्हटलं, ही यायची बंद व्हावी.

आणि झाली. एका रविवारी भाविका एकटीच आली. "आजीचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. महिनाभर जिने चढायचे नाहीत." चित्र अर्धंच झालेलं. आजीला दिलेल्या शब्दाचं संघमित्राला टेन्शन. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला खाली काढलं आणि पुतळाबाईच्या खुर्चीत उशांवर ठेवलं. माझ्या डोक्यावर लाल ओढणी टाकली. "उजेड तर तोच आहे," ती स्वतःशी म्हणाली.

काय सांगू तो आनंद! चार रविवार मी त्या खुर्चीत होतो. एक क्षणही हललो नाही.

चौथ्या रविवारी सर चित्रासमोर खूप वेळ उभे राहिले. "सावल्या अचूक आहेत, संघमित्रा. पण पुतळाबाई कुठे आहे? हा पुतळा झालाय."

तिने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि चेहरा पुसून टाकला. सगळा. आधी केलेला पुतळाबाईचा अर्धाही त्यात गेला. मग ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला हवी होती ती खुर्ची मला मिळाली होती, आणि तिच्या मेहनतीचं मी हे करून ठेवलं होतं.

ऑपरेशनचा महिना सरला आणि पुढच्या रविवारी पुतळाबाई आली, काळा चष्मा लावून. संघमित्राने मान खाली घातली. "आजी, मी तुमचा चेहरा पुसून टाकला."

म्हातारीने वाकून पुसलेला कॅनव्हास पाहिला. मग म्हणाली, "बरा झाला. मना आता नवीन दिसाया लागलंय. तू पन चित्र नवीन कार."

नव्या नजरेने ती सगळा गाळा बघत फिरली. माझ्यापाशी थांबली. "यो कोन गं?"

"याच्यावरच आम्ही शिकलो, आजी."

"मंग यो तुमचा गुरू! आनि त्याच्यावर कवरी धूल!" तिने पदराने माझं तोंड पुसलं, कानामागेसुद्धा. जिच्या नसण्याची मी वाट पाहिली, ती. "याला माजे बाजूला ठेव. एकलीला कंटाला येतं."

म्हणून नव्या चित्रात आम्ही दोघं आहोत. ती खुर्चीत, मी तिच्या कोपराशी स्टुलावर. संघमित्रा माझ्यासाठी पांढरा रंग काढत होती, तेव्हा सरांनी तिचा हात थांबवला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "नीट बघा. याचा गाल पांढरा आहे का?"

संघमित्राने डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं. मग पांढऱ्यात कणभर लाल मिसळलं. पुतळाबाईच्या लुगड्याचा उजेड माझ्या गालावर पडला होता.

चित्र पाहून पुतळाबाई आधी स्वतःवर खूश झाली, मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "याच्या आंगान रगत आला बघ!"

आजही नवे विद्यार्थी येतात, माझं कपाळ मोजतात आणि सहा महिन्यांनी मला सोडून जिवंत माणसांकडे वळतात. मत्सर गेला म्हणालो तर खोटं होईल, अजून जळतो. पण तुम्ही कधी आलात आणि माझं चित्र काढायला बसलात, तर एक विनंती आहे. मला एकट्याला काढू नका. कुणाला तरी माझ्याजवळ बसवा. माझ्यापाशी स्वतःचा रंग नाही हो.