लांबलेला धवला

गंगुबाई अंगणात सुकट निवडत बसली होती आणि धनेश तिच्यासमोर नारळ धरून उभा होता. ती नारळाला हात लावत नव्हती.

"काकी, घे ना. उद्या दुपारचा मुहूर्त हाय."

"तुझ्या मैथिलीला कितवा सरला रं?"

"तुना ठावं हाय."

"मना ठावं हाय. तुझ्या टोंडशी ऐकाचा हाय."

धनेशने मान वळवली. "सोला. मंग? तुझा लगीन कवा झायला व्हता?"

"मी न्हातीधुती पन झाली नव्हती. म्हनून तर इचारते."

खाडीकाठच्या आगरी गावांत लग्न लागायचं तर आधी धवलारीण लागते. ती गाऊन देवांना, पितरांना नावानिशी मांडवात बोलावते, मग पुढचं. या गावातल्या तीन पिढ्या गंगुबाईच्या धवल्यावर बोहल्यावर चढल्या होत्या. धनेशही त्यातलाच.

दोन वर्षांपूर्वी असं विचारायची तिला सवय नव्हती. तेव्हा नौपाड्याच्या कचेरीतून योगिनी नावाची बाई आली आणि देवळाशेजारची खोली भाड्याने घेऊन बसली. देशोदेशी पोरांसाठी काम करणारी तिची संस्था. शाळेनंतर पोरी तिथे अभ्यास करायच्या, संगणकावर बसायच्या. धनेशची लेक मैथिली तर जेवायलाच घरी जायची. एकदा योगिनीने म्हाताऱ्यांना बोलावून पडद्यावर आफ्रिकेतलं एक गाव दाखवलं. तिथल्या लग्नाचे विधी करणाऱ्या म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं, कोवळ्या पोरीच्या लग्नाला आपण उभं राहायचं नाही.

"यांची लुगरी येगली," गंगुबाई म्हणाली होती, "पन बसन्याची रीत आपलीच." त्याच आठवड्यात आसपासच्या गावांतल्या धवलारणींनी तेच ठरवलं. पोरींना शिकता यावा म्हणून योगिनीने गंगुबाईचा धवला रेकॉर्ड करून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला.

या थंडीत कुठल्या तरी देशात लढाई पेटली आणि संस्थेचा पैसा तिकडे वळला. गंगुबाईला राग आला नाही. तिकडचीही पोरंच. पण खोलीला कुलूप लागलं, आणि शिमगा सरतो न सरतो तोच धनेशने मैथिलीचं लग्न ठरवलं. व्याही हरिहर. दोघांच्या जमिनी एकाच टॉवरखाली जायच्या होत्या. सोयरीक झाली की सगळी बोलणी घरातल्या घरात.

"नको येव," धनेश आता हसून म्हणाला. "तुझ्याबिगर अडत नाय." त्याने नारळ उंबऱ्यावर ठेवला. "आनि काकी, ही तुझी पडवी माझ्या सातबाऱ्यावर हाय. ध्यानात ऱ्हाऊ दे."

आवाज चढवला नाही त्याने.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. खाजणाची जमीन तडकून तिच्या कडा वर वळल्या होत्या, तिवरांचं पान हलत नव्हतं. बंधाऱ्यावरून पाण्याचा टँकर धूळ उडवत गेला. धूळ खाली बसतच नव्हती.

आणि मांडवाकडून गंगुबाईला आपलाच आवाज ऐकू आला.

मोठ्या कर्ण्यातून योगिनीने रेकॉर्ड केलेला तोच धवला, मध्ये तेव्हा आलेला तोच खोकला. तो खोकला तिने ओळखला. आपण जिवंत असताना कोणी आपलं मढं घरातून बाहेर काढावं, तसं तिला झालं.

सकाळीच तिने योगिनीला कळवलं होतं. आता पुन्हा फोन लावला.

"मावशी, बालकल्याणची माणसं पोलिसांना घेऊन निघालीत. मीही त्यांच्या गाडीत आहे. शीळफाट्याला अडकलोय. काही करून थोडं लांबवता येईल?"

"कशी लांबवू बाय? गाना यंत्रात हाय."

फोन ठेवता ठेवता तिला सुचलं. यंत्रातलं गाणं जेवढं भरलं तेवढंच. ते संपतं.

तिने हिरवं लुगडं नेसलं, उंबऱ्यावरचा नारळ उचलला आणि मांडवात गेली.

"आयली गो शेवटी," बायकांत कुजबुज झाली. "पडवी प्यारी झायली."

"बोल्लो व्हतो ना," धनेश हरिहरला म्हणाला आणि त्याने कर्णा बंद केला.

पाटावर मैथिली बसली होती. कपाळावर मुंडावळ्या, गालांवर सुकलेली हळद. तिने एकदाच वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर गंगुबाईला सोसलं असतं. पोरीने ओळखच दाखवली नाही.

गंगुबाई सुरू झाली. "ये गो आये, डोंगराचे आये, मांडवाला ये..." मागे बसलेल्या बायकांनी ओळ झेलली, तशीच परत म्हटली. देवी बोलावून झाल्या, वेशीवरचे देव झाले, बंधाऱ्याचे देव झाले. मग पितर. धनेशचा बाप, आजा, त्याच्या आज्याचा भाऊ, जो खाडीत गेला होता. मग हरिहरच्या घरचे. प्रत्येक नाव ती दोनदा घेत होती.

भटजी अंतरपाट हातात घेऊन उभे राहिले, मग बसले.

"काकी, आटप," धनेश तिच्या कानाशी म्हणाला. "मुहूर्त चाललाय."

"तिला हात लावू नको," त्याची आई विमलाबाई कोपऱ्यातून म्हणाली. "बोलावलेला देव अर्ध्या वाटंन सोरतात का? घरावर येल."

धनेश थांबला. हरिहर घड्याळाकडे बघत नव्हता, गंगुबाईकडे बघत होता. ती वेळ काढतेय हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने पुतण्याला खूण केली आणि पुतण्या मांडवाच्या दारात जाऊन उभा राहिला.

गंगुबाईचे देव सरत आले. ती खाडीवर उतरली. मिठागरांची नावं, बुजलेल्या ओढ्यांची, टॉवरखाली गेलेल्या शेतांची. असली नावं धवल्यात कधी कोणी ऐकली नव्हती. घसा खरवडला. झेलणाऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, एकेकीचा आवाज गळाला, आणि शेवटी ओळ झेलायला कोणीच उरलं नाही. झेलल्याशिवाय पुढची ओळ उचलता येत नाही.

हरिहर उठला. "झायला. भटजी, उभे ऱ्हा."

तेव्हा पाटावरून आवाज आला. बारीक, पण सुरात. नवरी आपल्या लग्नात धवला झेलत नाही, तशी रीत नाही. मैथिलीने झेलला. मान खालीच होती, फक्त ओठ हलत होते. योगिनीच्या खोलीत शिकलेली चाल तिने अक्षरन् अक्षर धरली होती.

गंगुबाईने श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली.

बंधाऱ्याकडे गाडीची घरघर आली. टँकर असेल, नसेल. दारातला पुतण्या वळून रस्त्याकडे बघू लागला. गंगुबाईने बघितलं नाही. तिला अजून एक नाव आठवलं होतं.