गडद ठिपका

…ठिपका निळा झाला, पण हा निळा तिच्या ओळखीचा नव्हता. बोटभर कागदाची पट्टी, मधोमध वाळवलेलं एन्झाइम. पाणी शुद्ध असलं तर निळी, पाण्यात शिसं – लहान मुलांच्या मेंदूत भिनणारं – असलं तर फिकट. पाच वर्षं ती या स्वस्तातल्या पट्ट्या बनवत होती, इतका गडद ठिपका कधी उमटला नव्हता. ही खेप जोरदार दिसतेय, तिला वाटलं. क्षणभर बरंही वाटलं.

नवं काय होतं? फक्त पाणी. प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र पहिल्या दिवसापासून रुसलेलं, काल कुठे दुरुस्त झालं. तोवर ती घरूनच बाटली आणायची – गाळून, उकळून – "आमच्या नळाला अमृत येतं, सर" म्हणायची, आणि त्याच पाण्यात उमटलेला निळा 'शुद्ध' म्हणून रंग जुळवायच्या तक्त्यावर चिकटवायची…

बाटली अजून पिशवीत होती. दुसऱ्या पट्टीवर तिनं घरचा एक थेंब सोडला. दहा मिनिटं. फिकट. तक्त्यावरच्या 'शुद्ध'सारखा, हुबेहूब.

तो तक्ता छापून गावोगाव गेला होता. ते आठवायला हवं होतं. आठवली ती स्वतःची मुलगी. सात वर्षांची, तीनचा पाढा कालचा आज विसरणारी – "डोकं आहे की खोकं?" हे सकाळचंच, वेणी ओढत – आणि पोट दुखलं की, नाटकं पुरे, पाणी पी, भरपूर पी… ग्लास मीच धरायचे तोंडाशी.

फोन वाजला. मुलगीच होती.

"आई, पोट दुखत होतं ना, म्हणून आजीनं मला शाळेतून आणलं."

"बरं."

"रागावू नको हं. मी न सांगता दोन ग्लास पाणी प्यायले. सगळं संपवलं." मग जराशानं, "शाब्बास म्हण ना."

"शाब्बास," ती म्हणाली. सवयीनं. मग, "आजीला दे गं फोन… आणि आता पाणी पिऊ नकोस."

"का? तूच तर म्हणतेस."

पलीकडे हाका, आजीची सावकाश येणारी पावलं. सासूबाईंना काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, काही जुळेना. समोर दोन पट्ट्या वाळत होत्या. पूर्ण निळा कसा असतो, ते मला आज पाच वर्षांनी दिसलं. मुलगी मुळात कशी झाली असती, ते मला आता कुठल्याच पाण्यात दिसणार नाही…

"हं, बोल," सासूबाई म्हणाल्या.