कोपराखालचा ठोका

शाहनवाजने पट्टा आणखी एक भोक आवळला आणि साळुबाईचा हात काउंटरवर उपडा ठेवला. पट्ट्याखाली हिरवा उजेड लुकलुकू लागला. तिघांच्या नजरा त्या इवल्याशा काचेवर खिळल्या. आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा उमटल्या आणि तिथंच थांबल्या.

“मावशी, हात हलवू नका.”

“न्हाई हलवीत, बाबा.”

ठोके मोजणारा हा तिसरा बँड होता. पहिल्या दोन्ही बँडांनीही रेघाच दाखवल्या होत्या. शाहनवाजने तो सोडून स्वतःच्या हाताला बांधला. शहात्तर. प्राचीच्या हाताला बांधला. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा साळुबाईच्या, या खेपेला डाव्या हाताला. रेघा.

मोबाइलला काच बसवून घ्यायला आलेला एक जण हसला. “आजी, मशीन म्हनतंय तुमी न्हाईच हितं.”

प्राचीही हसली असती, पण तिचं लक्ष सासूच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू ओठांवरच राहिलं.

महिन्याभरात साळुबाईला दोनदा चक्कर आली होती. दुसऱ्यांदा टोमॅटो तोडता तोडता ती सरीतच कलंडली, आणि आरोही पाव तास आजीच्या उशाशी बसून राहिली. तिला वाटलं, आजी झोपली. ओतूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर बघितली. काही सापडलं नाही. रोज चालत जा, ठोक्यांवर लक्ष ठेवा, एवढंच ते म्हणाले. लक्ष ठेवणार कोण? नवऱ्याचा, गोरखचा टेम्पो आठवड्यातले चार दिवस वाशीच्या रस्त्यावर, प्राची दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात. म्हणून आज ती अर्धी रजा टाकून सासूला घेऊन एसटी स्टँडजवळच्या या दुकानात आली होती. आकडे मोठे दिसावेत, पाण्यात भिजला तरी चालावा आणि ठोके तिच्या फोनवर कळावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

“ताई, पावलं सगळेच मोजतात,” शाहनवाज म्हणाला होता. “ठोका नीट मोजतो तो घ्या.”

आता त्याने कपाटातून एक स्वस्तातला, गुलाबी पट्ट्याचा बँड काढला. साळुबाईच्या मनगटावर बांधताच आकडा आला. बहात्तर.

“आला!” प्राची म्हणाली. “हाच द्या.”

शाहनवाजने बँड सोडला, काच पुसायच्या फडक्याची गुंडाळी केली आणि तिच्याभोवती बांधला. हिरवा उजेड लुकलुकला. बहात्तर.

“हा नका घेऊ,” तो म्हणाला आणि फडकं बाजूला सारलं.

मग त्याने साळुबाईचा हात उजेडाकडे धरला आणि बांगड्या मागे सारल्या. मनगटाला चहूबाजूंनी गोंदण होतं. तुळस नाही, फूल नाही. नुसते ठिपके, एकाला एक लागून, बोटभर रुंदीचे, काकणं भरल्यासारखे. दुसऱ्या हातालाही तसंच. प्राचीने आठ-नऊ वर्षं हे हात पाहिले होते. आज ते तिला जरा वेगळे दिसले.

“हे बघा कारण,” शाहनवाजचा जीव भांड्यात पडला. “शाईतून उजेड आत जात नाही. मशीनला रक्त दिसतच नाही.” त्याने लांब पट्टा शोधून काढला आणि चांगला बँड कोपराच्या जरा खाली, कोऱ्या कातडीवर बांधला. तीन-चार क्षण गेले. सहासष्ट.

“आला बघा, मावशी!”

साळुबाईने पदर ओढून तो हात झाकला.

“काढ.”

“अहो, आला की ठोका.”

“आला म्हनूनच म्हनते. काढ.”

स्टँडवर दोघी बाकावर बसल्या. मढ गावाकडे जाणारी गाडी यायची होती. प्राचीच्या पिशवीत बँड होता. सासूची पाठ वळल्यावर तिने तो घेतलाच होता. प्राची अजून रागातच होती. बोलली ती साळुबाईच, समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघत.

“आमी चौघी बहिनी. मी शेवटची. थोरली सात वर्साची व्हती. मढला आमच्या दारात सागरगोटे खेळत बसली आन् आडवी झाली. ताप न्हाई, खोकला न्हाई. दुसरी बी सातव्यातच. तिसरी पानी शेंदता शेंदता. आई म्हनायची, दर बारीला आदल्या दिशी भर दुपारी एक जन दारात आल्याला. टेकायचा, पोरीचा हात हातात घिऊन नाडी बघायचा. शानी पोर हाय, म्हनायचा आन् जायाचा.”

“कुणी वैदू असेल, आत्या.”

“आसंल.” साळुबाईने बांगड्या खाली सारल्या. “मला सातवं लागलं तशी आईनं गोंदनारी बोलावली. म्हनली, मनगटाला सुईच्या टोकाएवढी जागा मोकळी ठिवू नको. लई सुजले व्हते हात.”

“मग?”

“मंग आला की.”

“तुम्ही पाहिलात त्याला?”

“माझाच हात त्याच्या हातात व्हता. ह्यो दाबला, मंग त्यो. पुन्यांदा ह्यो. लई येळ बसला. त्याला कायबी लागंना. उठला आन् न बोलता गेला.”

प्राची सायन्सची पदवीधर होती. तिच्याजवळ या सगळ्यावर बोलायला बरंच काही होतं. पण तिने विचारलं ते भलतंच.

“दिसायला कसा होता?”

साळुबाईने बराच वेळ आठवून पाहिलं. “कुनासारखा बी न्हवता,” ती म्हणाली.

चार दिवसांनी साळुबाईने आपणहून हात पुढं केला. त्या दिवशी आरोही विहिरीच्या कठड्याशी खेळत होती, आणि साळुबाईच्या डोळ्यांपुढं पुन्हा अंधारी आली होती. “माझं काय व्हायचं ते व्हवू दे,” ती म्हणाली. “पन पोर संगं आसती माझ्या.”

प्राचीने कोपराखाली बँड बांधला. गोरखचा जुना फोन साळुबाईच्या कमरेच्या पिशवीत गेला. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातल्या टेबलावर प्राचीला सासूचे ठोके दिसू लागले. सकाळी अठ्ठावन्न, चालून आली की ब्याण्णव, जेवणानंतर चौसष्ट. बोनाफाइड दाखले लिहिता लिहिता ती एक नजर टाकायची. लांब मळ्यात काम करणारं माणूस आपल्या मुठीत असल्यासारखं तिला वाटायचं.

दहाव्या दिवशी दुपारी साडेबाराला आकडा चौतीस झाला. मग रेघा. मग काहीच नाही.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. समोर दाखल्यासाठी उभी असलेली मुलगी “मॅडम, मॅडम” म्हणत होती. पाचव्या वेळेला पलीकडून आवाज आला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

“बसले व्हते जरा.”

“आत्या, कोण आहे तिथं तुमच्याजवळ?”

हा प्रश्न आपण का विचारला, ते प्राचीला कळलं नाही.

“कोन न्हाई,” साळुबाई म्हणाली.

नारायणगावच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी साळुबाईच्या छातीला चिमटे लावून ईसीजीची पट्टी काढली. ती लांबलचक पट्टी टेबलावर पसरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पेन उचललं.

“आजी, घरात कुणी लहान वयात अचानक गेलं होतं का?”

प्राचीनेच सांगितलं: तीन बहिणी, सातव्या वर्षाच्या आसपास, धडधाकट. दारात येणाऱ्या माणसाबद्दल तिने काही सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “हृदयाला जी वीज चालवते ना, तिच्यातला दोष असतो हा,” त्या सावकाश म्हणाल्या. “रक्तातून येतो. एखाद्याला आयुष्यभर काही होत नाही, एखाद्याला फार लवकर होतं.” आणि मग प्राचीला, “मुलं किती तुम्हाला?”

“एक मुलगी.”

“वय?”

प्राचीच्या तोंडून सात हा आकडा निघेना. डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्यांना बहुधा समजलं.

“उद्याच घेऊन या. तिच्या वडिलांनाही.”

गोरखच्या पट्टीवर ती खूण अगदी पुसट निघाली. त्याला जन्मात साधी चक्कर आली नव्हती. आरोहीच्या पट्टीवर ती ठळक होती. चिमट्यांच्या गुदगुल्या होऊन पोर टेबलावर खिदळत होती, आणि शेजारच्या यंत्रातून कागद फरफर बाहेर येत होता.

“वेळेत कळलं, हे नशीब समजा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. धावायचं नाही, पोहायचं नाही. मोठ्या आवाजाने दचकवायचं नाही.”

मग ते सगळं रीतसर झालं. पुण्याला नेऊन साळुबाईच्या छातीत यंत्र बसवलं. तिची चक्कर गेली, ती पुन्हा टोमॅटोत कामाला लागली. आरोही सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी घेऊ लागली. शाळेत खेळाच्या तासाला ती पायरीवर बसून बाकीच्यांचे गुण मांडायची. गोरख रोज वाशीहून फोन करून एकच विचारायचा, “दिली का गोळी?” प्राचीने दोषाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्याचं नाव तिला पाठ झालं, आणि नाव असलेली गोष्ट कमी भीतीची असते असं तिने मनाला समजावलं. शेजारपाजारच्या बायांना ती नीट, न अडखळता सगळं समजावून सांगायची.

चैत्रातल्या एका रविवारी, दुपारी, ती आतल्या खोलीत आरोहीला भरवत होती. मळ्याच्या वाटेवर मोटरसायकल थांबली. कुणीतरी अंगणात आलं. साळुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

“आजी, सर्व्हेला आलोय,” आवाज तरुण होता, सभ्य होता. “घरात माणसं किती?”

“तीन. मी, ल्योक, सून.”

“लहान मूल?”

शेंगा फुटायचा आवाज थांबला.

“न्हाई,” साळुबाई म्हणाली. “ल्हान कुनी न्हाई आमच्यात.”

खिडकीच्या फटीतून प्राचीला त्या माणसाची पाठ दिसत होती. निळा शर्ट, खांद्याला पिशवी, हातात पाटीसारखं काहीतरी. पायरीवर आरोहीच्या चपला होत्या. साळुबाई बसल्या जागेवरून जरा पुढं सरकली आणि तिच्या लुगड्याचा घेर त्यांच्यावर पसरला.

असल्या याद्या प्राचीने स्वतः भरल्या होत्या. नाव सुटलं की पुढं काय काय अडतं, ते तिला माहीत होतं. उठायचं, दारात जायचं, म्हणायचं, आत्यांना नीट कळलं नाही, मुलगी आहे, आरोही गोरख, इयत्ता दुसरी. एवढंच होतं. तिने घास ताटात ठेवला.

“नक्की ना, आजी?”

“सांगितलं की, बाबा.”

तो अजून उभाच होता. लिहीत होता की आत बघत होता, ते पाठीवरून समजत नव्हतं. आरोहीने तोंडातला घास गिळला आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

प्राचीचा तळवा तिच्या तोंडावर होता. पोरीचा ऊन श्वास बोटांत येत होता, जात होता. बाहेर मोटरसायकल सुरू झाली, बांधाच्या वळणावर गेली, ऐकू येईनाशी झाली. साळुबाई पुन्हा शेंगा फोडू लागली.

तरी प्राचीने हात काढला नाही.