गाडीला धुरी

आमच्या बाबांना सूत कळायचं, गाडी कळायची नाही. घोळ तिथेच झाला.

बाबा म्हणजे काशीराम परब. जन्मभर परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. संपात गिरणी सुटली, आम्ही मुलुंडला आलो. शहाऐंशी साली माझे भावोजी मस्कतला नोकरीला गेले आणि जाताना आपली जुनी फियाट बाबांच्या हवाली करून गेले. बाबा मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पोरासोरांबरोबर गाडी शिकले, लायसन मिळाल्यावर आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीची अशी काळजी घेतली की तिची पार वाट लागली.

गाडीच्या सीटांना त्यांनी पांढऱ्या सुती कापडाच्या खोळी शिवून घातल्या होत्या. रोज सकाळी ओला पंचा पिळून त्या खोळी पुसायच्या आणि लगेच चारी काचा घट्ट वर करायच्या, हा त्यांचा नेम. गिरणीच्या साचेखात्यात खिडक्या उघडत नसत. उलट छताजवळच्या नळ्यांतून पाण्याचे बारीक फवारे सोडत, कारण हवा सुकी झाली की धागा तुटतो. बाबांनी तोच कायदा फियाटला लावला.

"बाबा, ही गाडी आहे. हिच्यावर कापड निघणार नाहीये," मी म्हणायचे.

"नलू, तुका काय कळता? सूत सुकला की तुटता."

पावसाळ्यात व्हायचं तेच झालं. स्टिअरिंगवर हिरवट बुरशी आली. दार उघडलं की कुबट वासाचा भपकारा यायचा. छताला आतून थेंब धरायचे आणि बाबांनी ब्रेक मारला की ते नेमके माझ्या मानेत पडायचे. मी टेलिफोन ऑफिसात नोकरीला, एकदा भर ऑगस्टात, पाऊस नसताना, भिजलेल्या मानेने कामावर गेले. कोणाला सांगणार, आमच्या गाडीत पाऊस पडतो म्हणून?

त्यातच घाटकोपरच्या हॉस्पिटलात माझ्या बहिणीला, शेवंतीताईला, मुलगी झाली. बाबांचं पहिलं नातवंड. भावोजींना सुट्टी मिळत नव्हती. बाबांनी जाहीर केलं, "तिचो बापूस हय नाय, निदान त्याची गाडी तरी तिका आणूक जाऊ दे."

आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, ती गाडी आसा की हौद? माझी बाळंतीण आणि तेवढासा पोर त्या ओलीत बसूचा नाय. मी रिक्षा करतंय."

"रिक्षात झड लागता."

"झड पुसता येता. कुबट वास कसो पुसतलास?"

 बाबा चप्पल घालून खाली गेले. मी गॅलरीतून पाहिलं तर बंद गाडीशेजारी, हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे. मला इतकं वाईट वाटलं की मी आईवरच उखडले. "तू पण ना! ताईचा नवरा नाही इथे. बाबांना तेवढं एकच करायचंय गं."

 आईने ताईच्या शेकासाठी आणून ठेवलेली शेगडी उचलली, कोळशाचा डबा माझ्या हातात दिला आणि जिना उतरायला लागली.

गाडीची चारी दारं उघडली. खोळी काढून माझ्याकडे धुवायला आल्या. शेजारच्या द्रौपदीकाकूंनी रबरी मॅट ओढली, तर खाली बाबांनी अंथरलेलं गोणपाट चिंब, आणि त्यावर कधीतरी सांडलेल्या मुगांना बोटभर कोंब.

"भाऊ, उसळीची सोय बरी केलीया," काकू बाबांना म्हणाल्या. बाबांनी मान फिरवली, पण मिशीखाली हसले. मी पाहिलं.

आईने गाडीत लादी ठेवून त्यावर पेटती शेगडी ठेवली आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, धूप टाकला. बाळंतिणीला देतात तीच धुरी, तीच मापं. पुढच्या सीटला, मागच्या सीटला, डिकीलासुद्धा. धूर दारांतून बाहेर लोटला.

"कोण बाळंत झालं गं, गाडी?" काकूंनी विचारलं.

"होय. पयलीच खेप, म्हणून जास्त शेकतंय," आई म्हणाली.

वरच्या मजल्यावरचा कुंडलिक आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावत आला. काकूंनी त्याला बादलीसकट परत पाठवला. दोन दिवस हे चाललं. सकाळी धुरी, मग दारं सताड उघडी, आणि बाबा पंच्याने वारा घालत बाजूला बसलेले. दुसऱ्या संध्याकाळी आईने मागच्या सीटवर हात फिरवला, वास घेतला आणि म्हणाली, "चला. आता माणसाचा वास येता."

डिस्चार्जच्या दिवशी पाऊस कोसळत होता. ताई, बाळ आणि आई मागे, मी पुढे. बसल्याबसल्या आईने फर्मान काढलं, "काचा वर करा. पोराक वारो लागतलो."

मी काच वर केली. बाबांनीही केली. विक्रोळी येईपर्यंत समोरची काच धुरकट झाली, कांजूर सोडलं तेव्हा पांढरीफट. बाबा एका हाताने पुसत, पुसलेलं लगेच भरून येई. मागे बाळाने टाहो फोडला. बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि हँडल फिरवून आपल्या बाजूची काच खाली करायला लागले.

"अवो, उघडू नकात!" आई ओरडली.

"जानके, ही ओल भायरची नाय, आपल्या श्वासाची आसा." बाबांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, तो नेहमी ओरडूनच बोलायचा. "इतकी वर्सां गिरणीवाल्यांनी सुतासाठी खिडक्यो बंद ठेवल्यानी. आमच्या छातीत कापूस गेलो, तरी कोणी उघडल्यानी नाय. सुताक ओल होयी. पोराक वारो होयो. हिच्यासाठी मी उघडतंय."

 मला एकदम बाबांचा रात्रीचा खोकला आठवला आणि रडू आलं. मग आईनेच पदराने बाळाचे कान झाकले आणि म्हणाली, "माझ्या बाजूची पण चार बोटां खाली करा."

मीही माझी काच उतरवली. ओला, गार वारा आत आला. काच कडेकडेने साफ होत गेली आणि समोरचा रस्ता, बस, छत्र्या सगळं दिसायला लागलं. बाळ एकदा शिंकलं आणि झोपलं. ताई हसायला लागली, टाके दुखतात म्हणून थांबली, परत हसली.

बिल्डिंगच्या दारात काकू पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. आईने तो घेऊन ताईवरून आणि बाळावरून ओवाळला. बाबा गाडीला कुलूप लावून जिन्याकडे निघाले होते.

"तुमी खय चललास? हय उभे रवा," आई म्हणाली.

बाबा उभे राहिले. आईने तोच तुकडा त्यांच्यावरूनही तीनदा ओवाळला. सगळी बिल्डिंग बघत होती आणि आमचे बाबा, ओला पंचा खांद्यावर, नव्या नवरीसारखे लाजून उभे होते.