काकाच्या खांद्याचे तीन डॉक्टर

माझा रामहरी काका मालवाहू जहाजावर कामाला होता. तिथं पडून त्याचा खांदा निखळला. कंपनीचा डॉक्टर म्हणतो बरा झाला, काकाचा डॉक्टर म्हणतो कायमचा गेला. भरपाईचं आता तिसरा डॉक्टर ठरवणार. एका खांद्याला तीन डॉक्टर! माझ्या वडलांची, अण्णांची, पाठ उसाची मोळी ट्रकवर चढवताना गेली, तेव्हा मुकादमानं नुसती बामची डबी दिली. मला त्या खांद्याचा लई हेवा वाटायचा.

यंदाच्या दुष्काळात साखर कारखान्याचा टँकर आला, की काका ओट्यावर बसून राहायचा. वजन उचलताना कुणी फोटो काढला तर दावा बुडेल, असं वकिलानं बजावलं होतं. म्हणून त्यांचंही पाणी अण्णाच भरायचे.

परवा काकाची वैदेही ओट्यावरूनच म्हणाली, "मोठे अण्णा, आमचे दोन हंडे राहिलेत. पप्पांचा खांदा माहितीय ना?"

अण्णा वाकले आणि कण्हले. मी त्यांच्या हातातला भरलेला हंडा ओढून रस्त्यातच ठेवला.

"ह्यांचीबी पाठ गेलीय. हे तुमचं पाणी भरणार न्हाईत!"

"कोणत्या डॉक्टरनं सांगितलं गं?" वैदेही हसली.

"मी सांगते! पटत नसंल तर आण तुमचा तिसरा!"

काका खो खो हसला. मग अण्णांकडं बघून म्हणाला,

"वैदेही, ऊठ. हंडा घे."

अण्णा काकाशेजारी ओट्यावर टेकले. वैदेहीच्या नव्या ड्रेसवर हंड्यातलं पाणी सांडत होतं, आणि गारगार मला वाटत होतं.